आधी दात

“अहो डॉक्टर, हार घालताय की माझ्या मानेचं माप घेताय?”

द्वारकाताईंनी कीर्तनाच्या गादीवरूनच विचारलं आणि सगळं देऊळ हसलं. माझा धाकटा भाऊ मुकुंद शेवंतीचा हार हातात धरून त्यांच्यासमोर अवघडून उभा होता. पूर्वरंग संपला होता, नामाचा गजर नुकता थांबला होता, सगळ्यांना बुक्का लावून झाला होता. आख्यान सुरू होण्याआधी कीर्तनकाराला हार घालायचा मान त्या दिवशी त्याला दिलेला होता. केसासारख्या शिरांत सुया घालणारा माणूस, पण हाराचा दोरा द्वारकाताईंच्या अंबाड्यात अडकवून बसला. मी पेटीवरून त्याला डोळ्यांनी खुणावत होते की अरे, वरून घाल, वरून.

हार एकदाचा गळ्यात पडला. मुकुंद वाकून पाया पडला. द्वारकाताईंनीही त्याला वाकून नमस्कार केला. गादीवर उभं राहिलं की समोरचा प्रत्येक माणूस नारायण, असा त्यांचा नेम होता. मग चिपळ्या काखेत धरून त्या लोकांकडे वळल्या.

“आता दोन शब्द आख्यानाबाहेरचे. गेल्या वर्षी याच महिन्यात मी कुठे होते, आठवतंय ना? पलंगावर. छातीतली गाठ काढली, तर ती पाठीच्या मणक्यात आणि खुब्यात जाऊन बसली. वाळवी लागल्यागत हाड आतून पोखरत होतं. कुशीवर वळायचं तर देवाच्या आधी आईचं नाव तोंडी यायचं. आज तुमच्यासमोर उभी आहे, आरतीपर्यंत उभी राहीन. या डॉक्टरांच्या इस्पितळात हाडांच्या नव्या औषधाचा अभ्यास चाललाय. सलाईनमधून देतात आणि जेवणाच्या वेळेला घरी पाठवतात. ज्या कुणाच्या लेकीसुनेला हा आजार असेल तिने भिऊ नये. जावं. मी गादीवरून सांगते.”

बाहेरच्या माणसाला हे शेवटचे तीन शब्द साधे वाटतील. आमच्या सांगलीत, निदान आमच्या त्या देवळात, त्यांचं वजन सगळ्यांना ठाऊक होतं. गादी म्हणजे काय, एक चौकोनी जाजम. पण त्यावर उभं राहून जे बोललं ते देवासमोर बोललं. एकदा एका आख्यानात द्वारकाताईंनी राजाच्या घोड्याचा रंग चुकीचा सांगितला होता. पुढच्या कीर्तनात त्यांनी आधी हात जोडून घोडा दुरुस्त केला आणि मग नमनाला सुरुवात केली. लोक हसले. त्या हसल्या नाहीत.

त्यामुळे त्या दिवशी आरतीचं ताट फिरत असतानाच दोनतीन बायका मुकुंदाभोवती उभ्या राहिल्या. पुढे आणखी गेल्या. माणसं मिळत नाहीत म्हणून अडून बसलेला त्याचा अभ्यास त्या पावसाळ्यात भरला. मला किती आनंद झाला असेल ते सांगता येत नाही. एका बाजूला जिच्या मागे बसून मी आयुष्यभर पेटी वाजवली ती बाई, दुसऱ्या बाजूला कीर्तनात झोपी गेला की ज्याला मी खांद्यावर टाकून घरी आणत असे तो भाऊ. माझी दोन्ही दैवतं एका जाजमावर.

द्वारकाताईंना त्याच्याकडे नेलं होतं मीच. त्याआधी त्याने मला माझ्या स्वयंपाकघरात बसून औषध समजावलं होतं. नाव बिस्फॉस्फोनेट असं काहीतरी होतं, आम्ही दोघी त्याला हाडाचं औषध म्हणायचो.

“अक्का, हाड म्हणजे दगड नव्हे,” लाडू फोडत मुकुंद म्हणाला होता. “त्यात रोज काम चालू असतं. एक जात जुनं तोडणारी, एक जात नवं बांधणारी. गाठ हाडात शिरली की तोडणाऱ्यांना ऊत येतो. हे औषध त्या तोडणाऱ्यांना गप्प बसवतं.”

“मग जुनं कोण तोडणार?”

तो हसला. “तू माझ्या विद्यार्थ्यांपेक्षा बरे प्रश्न विचारतेस.”

“उत्तर दे की.”

“थोडं मागे पडतं ते काम. पण हाड मोडण्यापेक्षा बरं ना? आता मला बघायचंय, दर महिन्याला द्यायची गरज आहे, की तीन महिन्यांतून एकदा दिलं तरी भागतं. भागलं तर गोरगरिबांच्या किती फेऱ्या वाचतील, विचार कर. पुढल्या वर्षी परदेशात परिषद आहे, तिथे मांडणार.”

औषधाने खरोखर गुण दिला. हे मी आधीच लिहून ठेवते, कारण पुढचं वाचून कुणी औषधावर राग धरू नये. पौषात काठीशिवाय न चालणाऱ्या द्वारकाताई चैत्रात गादीवर उभ्या राहिल्या. 

त्यांना दर महिन्याच्या गटात घातलं होतं. सलाईनच्या दिवशी मी डब्यात सांजा घेऊन बरोबर जायची. दिवाळी होऊन गेली होती, दत्तजयंतीचा सप्ताह तोंडावर आला होता, तेव्हाची गोष्ट. द्वारकाताई खुर्चीत रेलून बसल्या होत्या, हाताला सुई, आणि बोटांनी खुर्चीच्या दांडीवर ताल चाललेला. मुकुंद फेरीवर आला.

“काय म्हणतायत हाडं, ताई?”

“हाडं गप्प आहेत. आता दाढ बोलायला लागली.”

“कुठली?”

“ही खालची, डावी. चहा लागला की कळ थेट कानात. आणि तान घ्यायला तोंड उघडलं की वारं लागतं तिला. म्हटलं सप्ताहाच्या आत काढून टाकावी. आमच्या शेजारचे बेडगे डॉक्टर काढून देतो म्हणालेत. काढू ना?”

मुकुंद वर सलाईनच्या बाटलीकडे बघायला लागला. नळीवरचं चाक त्याने जरा पुढे फिरवलं, मग पुन्हा होतं तिथे आणलं.

“ते माझं खातं नाही हो. दातवाल्यांना विचारा.”

“त्यांना काय विचारायचं? ते पकड घेऊन दारातच बसलेत. तुम्ही सांगा. या औषधावर दाढ काढली तर चालेल ना?”

“तुमच्या सोयीनं बघा, ताई.”

“मुकुंदा, अजून दाताला भितोस का रे?” मी मध्येच बोलले. “ताई, दुधाचा दात हलायला लागला की हा पलंगाखाली जाऊन बसायचा. बाबा हातात दोरा घेऊन बाहेर आणि हा आत.”

द्वारकाताई इतक्या हसल्या की नर्सने येऊन हात हलवू नका म्हणून दटावलं. मुकुंदही हसला. त्यांचा हात थोपटून पुढच्या बाईकडे गेला.

बेडग्यांनी दाढ काढली. हलक्या हाताचा माणूस, द्वारकाताई म्हणाल्या की कधी काढली ते कळलंच नाही. पण खड्डा भरून येईना. आठवडा गेला, जखम तशीच. सप्ताह सुरू झाला तेव्हा त्या गालात लवंग धरून उभ्या राहिल्या. पहिले दोन दिवस निभावलं. तिसऱ्या दिवशी पूर्वरंगात मला समोरच्या रांगेत काहीतरी हललेलं दिसलं. एका बाईने पदर नाकाला लावला. मग तिच्या शेजारणीने. द्वारकाताईंच्या तोंडाला वास येत होता, पेटीवर मलाही येत होता. गादीवरच्या माणसाला सगळं दिसतं. त्या बोलता बोलता वाकल्या, जाजमाचं टोक धरून ते हातभर मागे ओढलं आणि तिथून पुढे चालू केलं.

चौथ्या दिवशी आख्यान ऐन रंगात असताना त्यांचा शब्द अर्ध्यावर थांबला. जबडा उघडेना. त्यांनी माझ्याकडे हात केला आणि मिटल्या दातांतूनच म्हणाल्या,

“माणिक, भजन धर.”

मी धरलं. लोकांना वाटलं, आजचं आख्यान भजनातच संपवायचं ठरलंय. आरतीपर्यंत द्वारकाताई हात जोडून, डोळे मिटून उभ्या होत्या. गादीवरून उतरल्या त्या पुन्हा चढल्या नाहीत.

घरी गेल्यावर मी त्यांचं तोंड, उघडेल तेवढं उघडून, विजेरीने पाहिलं. दाढेच्या जागी पिवळट पांढरं काहीतरी दिसत होतं. मला वाटलं भाताचं शीत अडकलंय. मी कापसाने काढायला गेले तर ते हलेना. ते त्यांचं हाड होतं.

मुकुंदाला दाखवलं. त्याने नीट तपासलं, औषधं लिहून दिली आणि बाहेर येऊन मला म्हणाला, “बेडग्यांनी पकड नीट उकळली नसेल. जंतू गेले आत.”

हे गावात पसरायला वेळ लागला नाही. बेडग्यांच्या दारातलं बाक रिकामं दिसायला लागलं. द्वारकाताई मात्र त्यांचं नाव कुणाला घेऊ देईनात. दात मिटलेले ठेवून, ओठांनीच कसंबसं त्या बोलत. पेज, ताक, गाळलेलं वरण एवढ्यावर दिवस चालले होते. संक्रांतीच्या आदल्या दिवशी मी त्यांच्या पायाशी बसले होते. त्या बराच वेळ छताकडे बघत होत्या.

“माणिक, मला एक सांग. माझ्या तोंडून गादीवर काही खोटं गेलं का गं? आठव बरं नीट.”

“तुमच्या तोंडून? काहीतरीच काय!”

“काहीतरी गेलं असणार. नाहीतर तोंडच का जावं?”

“ताई, जंतू गेलेत. मुकुंद म्हणालाय.”

“जंतू त्याचेच,” वर बोट करून त्या म्हणाल्या. “आठव. तू सगळ्या कीर्तनांना होतीस.”

मी खरंच आठवत बसले. घोड्याशिवाय मला काही आठवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुकुंदाकडे तिळगूळ घेऊन गेले. तो इस्पितळातून यायचा होता. माझी भावजय शैला हळदीकुंकवाच्या तयारीत होती. तिची आई, हुबळीच्या मराठेकाकू, माजघरात उन्हाला पाठ करून बसल्या होत्या. काकू गणपतीपासून लेकीकडेच होत्या. त्यांच्याही पाठीत तसाच आजार उतरलाय आणि मुकुंदच उपचार करतोय, एवढं मला माहीत होतं. बोलायला फार गोड बाई.

“या, माणिकताई, या. वडी नको हो मला. लाडू आहे का मऊसा? वडी चावायला दाढा कुठायत?”

“काय झालं दाढांना?”

“जावईबापूंनी काढायला लावल्या ना!” काकू कौतुकाने म्हणाल्या. “गणपतीत मी इथे आले, फोटो काढला, पाठीत ते निघालं. शैला म्हणाली, आजच्या आज सलाईन लावू. तर मुकुंदराव म्हणाले, नाही. आधी दात. आणि इथल्या कुणाकडे नाही हं, स्वतः गाडी चालवत पुण्याला नेलं. दोन दाढा किडलेल्या होत्या, त्या काढल्या. मग म्हटलं, आता तरी लावा की सलाईन, पाठ मोडून निघालीये. नाहीच. हिरडी भरून आल्याशिवाय हात लावणार नाही म्हणाले. आई, म्हणाले, एकदा हे औषध सुरू झालं की मग दाढ काढता येत नाही, जबड्याचं हाड उघडं पडून सडतं. इतकी काळजी पोटच्या मुलानंसुद्धा घेतली नसती.”

“हे गणपतीत?”

“गौरी बसल्या होत्या तेव्हा. शैलानं एकटीनं केलं सगळं गौरींचं, मी आणि जावई पुण्यात. का हो?”

“काही नाही.”

“तुम्ही लाडू घ्या की. हात का थांबला?”

द्वारकाताईंनी ‘काढू ना?’ म्हणून विचारलं ते दिवाळीनंतर. मी तिथेच होते. मी हसत होते.

बाहेर गाडी वाजली. मुकुंद आत आला, मला बघून त्याचा चेहरा खुलला. हात पुढे करून म्हणाला, “अक्का, आण. गोड बोलायला लाव मला.”

“तुझ्या खोलीत चल.”

“अगं, जेवू तर दे.”

“चल.”

खोलीत गेल्यावर मी दार लावलं. तो खुर्चीत बसला. मी उभीच राहिले.

“द्वारकाताईंनी तुला विचारलं होतं. माझ्यादेखत. दाढ काढू ना, म्हणून.”

त्याने माजघराच्या दिशेने एकदा पाहिलं. त्याला सगळं कळलं.

“आई बोलल्या वाटतं.”

“तुला ठाऊक होतं.”

“ठाऊक म्हणजे... अक्का, आधीच्या वर्षीच्या परिषदेत चहाच्या वेळेला एकाने सांगितलं. तिकडे परदेशात काही रोग्यांचे जबडे असे बिघडले होते, दात काढल्यावर. मोजके लोक. औषधामुळेच झालं असं सिद्ध कुठे झालं होतं?”

“सिद्ध नव्हतं तर काकूंना पुण्याला कशाला नेलंस?”

त्याने चष्मा काढला, रुमालाने पुसला. पुसलेलाच पुन्हा पुसला.

“त्या अभ्यासात नाहीत, अक्का.”

“म्हणजे काय?”

“म्हणजे त्यांना मी घरच्यासारखं सांगू शकतो. अभ्यासातल्या एकीला सांगितलं तर सगळ्यांना सांगावं लागतं. मग अभ्यासावर लक्ष ठेवणारी समिती असते, तिला कळवा. समिती म्हणणार, थांबा. पुन्हा सगळ्यांना बोलवा, पुन्हा समजवा, पुन्हा सह्या घ्या. जबडा सडतो म्हटल्यावर निम्म्या बायका त्याच पावली परत जातात. सगळा अभ्यास गेला असता.”

“जबडा गेला तो?”

“आणि त्या उठल्या कशाने ते नाही बोलत तू! पलंगावरून उठल्या त्या माझ्या औषधाने. तुझ्या पेटीने नाही.”

हे बोलल्यावर त्याला स्वतःलाच कसंतरी झालं. खाली बघत म्हणाला, “मी दाढ काढा असं म्हटलं नव्हतं.”

“नाही म्हटलंस. सोयीनं बघा म्हणालास.”

“मला वाटलं नाही की त्यांनाच होईल. इतक्यांतून त्यांनाच.”

“काकूंनाच होईल असं वाटलं होतं?”

त्याने चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

“आणि बेडगे? त्यांची पकड?”

खिडकीतून हळदीकुंकवाला आलेल्या पहिल्या बायकांचा आवाज येत होता. शैला कुणाला तरी वाण देत होती.

“ताईंना सांगू नकोस,” मुकुंद म्हणाला. आवाज एकदम लहान झाला होता, काचेचं काही फोडून बाबांना सांगू नकोस म्हणायचा तसा. “मला वाचवायला नाही म्हणत. त्यांचा विश्वास उडाला तर त्या औषधच सोडतील. मणका बसेल त्यांचा. त्यांच्या भल्याचं सांगतोय. परिषद होऊ दे. तिथे मी स्वतः हे मांडणार आहे, जबड्याचंसुद्धा. लपवणार नाही.”

“परिषदेत मांडशील?”

“हो.”

“द्वारकाताईंना नाही?”

मी दार उघडलं. त्याचा हात मांडीवर उताणा पडला होता. मी त्याला तिळगूळ दिला नाही. काकू माजघरातून हाक मारत होत्या, माणिकताई, कुंकू लावून जा. मी कुंकू न लावता घराबाहेर पडले. सवाष्णीने असं जाऊ नये, पण त्या दिवशी मला ते सुचलंच नाही.

सरळ द्वारकाताईंकडे गेले. वाटेत ठरवत होते की कसं सांगायचं, कुठून सुरू करायचं. त्यांच्या खाटेजवळ बसल्यावर सगळं एका दमात सांगून टाकलं. पुणं, दोन दाढा, गौरी, परिषद, ‘त्या अभ्यासात नाहीत’. सांगताना मला रडू आलं. त्यांना आलं नाही. त्या मुकुंदाबद्दल एक अक्षर बोलल्या नाहीत. जबड्याबद्दलही नाही.

“म्हणजे गेलं होतं,” त्या म्हणाल्या.

“काय?”

“काल म्हटलं ना, आठव. ते हे. भिऊ नका, जा, असं सांगितलं मी. गादीवरून.”

“तुम्हाला ठाऊक नव्हतं, ताई!”

“देवाला ठाऊक होतं. मी त्याच्यासमोर अर्धंच सांगितलं.” त्या उठून बसल्या. “माझं ऐकून कोण कोण गेलं? नावं सांग.”

मला आठवली तेवढी सांगितली.

“चल.”

“कुठे?”

“त्यांच्या घरी. गादीवरून सांगायचं तर पुढच्या कीर्तनाची वाट बघावी लागेल. आणि हे तोंड उघडायला हवं.” पायांत चपला सरकवताना त्या थांबल्या. “आणि माणिक, औषध वाईट आहे असं म्हणायचं नाही हं. तेही खोटं होईल. औषध घ्या म्हणायचं. दात आधी दाखवा म्हणायचं. एवढंच.”

मुकुंदाने पुढे शब्द पाळला. परिषदेत त्याने जबड्याचं सगळं मांडलं, टाळ्या पडल्या, नाव झालं. द्वारकाताईंना त्यात एक आकडा मिळाला, नाव अर्थातच नाही. आता तर हे औषध द्यायच्या आधी कुठलाही डॉक्टर आधी दात बघून या म्हणतो. लोकांना ती साधी गोष्ट वाटते. मी मुकुंदाकडे भाऊबीजेला जाते. निरांजन ओवाळते, तोही वाकून पाया पडतो. आम्ही दोघंही दाताचा विषय काढत नाही.

त्या दुपारी आम्ही निघालो तेव्हा द्वारकाताईंनी पदर नाकातोंडावरून घट्ट घेतला होता. वास जाऊ नये म्हणून. त्यांचं बोलणं परक्याला कळायचं नाही, म्हणून बोलायचं मी, आणि त्यांनी शेजारी उभं राहायचं असं ठरलं. पहिल्या घरी बाई आमचं ऐकून घाबरली, मग द्वारकाताईंच्या पायावर डोकं ठेवून रडली. तिचे दात बरे होते.

दुसरं घर कोऱ्यांचं. अंगणात हळद वाळत पडली होती. आक्काताई कोरे सुपात हळकुंडं निवडत बसल्या होत्या. त्यांचा उजवा गाल सुजलेला होता.

“गालाला काय झालं, आक्काताई?”

“दाढ हाय की. उद्या काढायला चाललोय मिरजेला.”

मी त्यांना थांबवलं. सगळं सांगितलं. मुकुंदाचं नाव सांगताना जीभ अडखळली, पण सांगितलं. द्वारकाताईंनी पुढे होऊन पदर बाजूला केला, जितकं उघडेल तितकं तोंड उघडलं आणि आक्काताईंना आत बघायला लावलं. आक्काताईंनी पाहिलं. सूप बाजूला ठेवलं. हात जोडले.

“देवच धाडला की तुमाला, ताई. उद्या काय झालं असतं माझं?”

मग त्या माझ्याकडे वळल्या.

“त्यो डाक्टर तुमचा सख्खा भाऊ न्हवं?”

“हो.”

“सख्खा. आन् तुमाला ठावं न्हवतं?”

“नव्हतं, आक्काताई. देवाशपथ नव्हतं.”

“आसंल बाई,” त्या म्हणाल्या आणि पुन्हा सूप ओढून हळकुंडं निवडायला लागल्या. आम्हाला पाणी विचारलं, ते द्वारकाताईंकडे बघून.

आम्ही बाहेर पडलो. बोळात ऊन होतं. द्वारकाताई माझ्यापुढे चार पावलं चालत गेल्या आणि थांबल्या. मला वाटलं खुबा दुखला. मी हात द्यायला पुढे झाले. त्यांनी तो धरला नाही. तोंडावरचा पदर खाली केला. ओठ हलले, शब्द फुटायला वेळ लागला.

“माणिक, तुला... नव्हतं ना गं ठाऊक?”

“नव्हतं,” मी म्हटलं.

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. इतकी वर्षं मी त्यांच्या पाठीमागे बसून पेटी वाजवली. भर गर्दीत, अनोळखी गावात, घसा बसलेला असताना, मी कुठला सूर धरलाय हे बघायला त्यांनी एकदासुद्धा मान वळवली नव्हती. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी माझा चेहरा निरखून पाहिला. डोळ्यांपासून सुरुवात करून, सावकाश.

“बरं,” त्या म्हणाल्या. पदर पुन्हा तोंडावर घेतला. “पुढचं घर कुणाचं?”